बागेतल्या रेडिओवरचा धाकटा

कलावंतांना एखादी गोष्ट तात्पुरती आहे असं सांगितलं की ते तिच्यावर जीव टाकतात, आणि कायमची आहे म्हटलं की दुसऱ्याच आठवड्यात कंटाळतात. सार्वजनिक बागेच्या कोपऱ्यात, माळ्याच्या रिकाम्या घरात जे रेडिओ केंद्र उभं राहिलं त्याला फक्त दीड महिन्याची परवानगी होती. म्हणूनच ते चाललं. नाहीतर त्या मंडळींनी नाव काय ठेवायचं यावरच वर्ष घालवलं असतं.

माळी म्हातारपणामुळे लेकीकडे राहायला गेला होता. त्याच्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत भिंतीवर कात्र्या आणि खुरपी अजून खिळ्यांना टांगलेली होती. ज्या लांब टेबलावर तो रोपं कुंड्यांत भरायचा, त्यावर आता दोन माइक, एक टेलिफोन आणि एक मिक्सर होता. मिक्सर म्हणजे स्वयंपाकघरातला नव्हे, आवाजाचा. त्यावर प्रत्येक माइकची एक पट्टी होती, ती वर सरकवली की त्या माइकचा आवाज हवेत जायचा आणि खाली ओढली की बंद. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या रजया आणि अंड्यांचे पुठ्ठे ठोकले होते. अँटेना पाण्याच्या टाकीला बांधली होती आणि वारा सुटला की ती कलायची. मग सगळी मंडळी टाकीवर चढायची आणि ऐकणारे बिचारे खरखर ऐकत बसायचे. एवढ्या खटाटोपातून आवाज पोचायचा तो बागेभोवतालच्या तीन-चार वस्त्यांपर्यंत, पुढे टेकडी आडवी यायची.

हे सगळं एका चित्रकाराच्या डोक्यातून निघालं होतं. त्याला दाढी होती आणि एका शब्दात होणाऱ्या कामाला तो चार शब्द लावायचा. रोज सकाळी तो माइकसमोर रंग कालवायचा आणि कोणता रंग कसा होत गेला ते सांगायचा. रेडिओवर चित्र काढणारा हा जगातला पहिलाच माणूस असावा, आणि शेवटचाही. त्याच्या जोडीला एक बासरीवाली होती. ती कमी बोलायची आणि तिला सगळं ऐकू यायचं. तिसरी होती बाहुलीताई, आणि ही गोष्ट तिची आहे.

बाहुलीताई पन्नाशी ओलांडलेली, अंगाने काटक, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. तीस वर्षं तिने बाहुल्यांचे खेळ केले होते. शाळाशाळांतून बोलावणी यायची तेव्हा तिच्या पेटीतला राजा, कावळा, भांडखोर सासू आणि तोतरा शिपाई ही सगळी मंडळी तिच्या एका घशातून बोलायची. दोन बाहुल्या भांडायला लागल्या की तिसरी मध्ये पडायची, आणि पडद्यामागे चार बायका आहेत अशी पोरं पैज लावायची. पुढे मुलांच्या हातात मोबाइलचे पडदे आले आणि तिच्या हातातला पडदा घडी होऊन पेटीत गेला. तिचा स्वतःचा आवाज कसा आहे, हे मात्र ओळखीच्यांनाही चटकन सांगता आलं नसतं. दुकानात ती बोटाने वस्तू दाखवायची. घरात तर तिला बोलायची फारशी गरजच पडत नसे, कारण घरी आई होती.

आईला दोन वर्षांपूर्वी कंबरेच्या दुखण्याने पलंगावर आणलं होतं. दिसायचंही अंधुकच. कान मात्र तिखट होते. रेडिओ सुरू झाल्यापासून ती सकाळपासून तो उशाशी घेऊन बसायची आणि लेक घरी आली की निकाल सांगायची. दाढीवाला आज फार बोलला, बासरीवालीला सर्दी झालेली दिसते, मध्येच खरखर कसली ती. बाहुलीताईच्या कामाबद्दल विचारलं तर म्हणायची, "तुझं होतं की ठीक." पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते या घराला पुरेपूर लागू होतं.

आईचा जीव होता धाकट्यात. धाकटा म्हणजे बाहुलीताईचा भाऊ, तिच्याहून दहा वर्षांनी लहान. वडील गेल्यावर घरात काहीतरी बिनसलं, आईशी शब्दाने शब्द वाढला, आणि एका दुपारी पिशवी उचलून तो कामाला जातो म्हणून गेला. पहिल्या वर्षी त्याचा एक फोन आला. मग तो नंबर बंद झाला. त्याला आता अकरा वर्षं झाली होती. पोलिसांत जाऊन झालं, मित्रांना विचारून झालं. आई त्याचं नाव काढत नसे, पण त्याचा कप कुणाला वापरू देत नसे. त्याच्या खोलीत बाहुलीताईने आपल्या बाहुल्या टांगल्या तेव्हा आई एवढंच म्हणाली होती, "ठेव. तो येईपर्यंत ठेव."

धाकट्याचा आवाज बाहुलीताईला त्याच्या लहानपणापासून पाठ होता. अभ्यासाच्या वेळी तो मागच्या खिडकीतून उडी टाकून खेळायला पळायचा आणि ताईला दाराआड बसवून जायचा. आईने हाक मारली की ताई आधी त्याच्यासारखं खाकरायची आणि म्हणायची, "हे बघ आई, करतोय ना अभ्यास." दर वाक्याला हे बघ लावायची त्याला खोडच होती. आई दर वेळी फसायची. पुढे तो परीक्षेत नापास व्हायचा आणि मार दोघांना बसायचा. बाहुलीताईने आयुष्यात काढलेला पहिला परका आवाज हाच.

आता केंद्राची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं घडलं ते तिच्यावरून. रोज दुपारी माइकसमोर कुणी पाहुणा बसायचा. शिंपी, टपाल वाटणारी बाई, विहिरी खोदणारा, असे आपल्या कामाच्या आवाजांबद्दल बोलायचे. पण साधी माणसं कबूल करतात आणि ऐन वेळी लाजतात. पाहुणा आला नाही तर खुर्ची रिकामी ठेवायची नाही, जो हजर असेल त्याने पाहुणा व्हायचं, असं ठरलं होतं. फक्त ऐकणाऱ्यांची फसवणूक नको म्हणून चित्रकाराने एक नियम घातला, आणि त्याच्या आयुष्यातली ती बहुधा एकमेव शहाणपणाची गोष्ट. बाग बंद करताना माळी जी पितळी घंटी वाजवायचा ती खिळ्याला तशीच होती. सोंग सुरू करण्याआधी ती एकदा वाजवायची. घंटी वाजली की पुढचं खोटं, नाही वाजली की खरं. आठवड्याभरात वस्तीतल्या पोरांनाही हे कळलं होतं. एकाने थाप मारली की दुसरा म्हणायचा, घंटी वाजव आधी.

एके दुपारी गाड्या दुरुस्त करणारा एक माणूस येणार होता. इंजिनाच्या आवाजावरून दुखणं कसं ओळखायचं ते तो सांगणार होता. तो आला नाही. चित्रकार टाकीवर अँटेना सरळ करत होता, बासरीवाली जेवायला गेली होती. बाहुलीताईने खिळ्यावरची घंटी काढून वाजवली, माइकची पट्टी वर केली आणि तोंड उघडलं.

एरवी ती आवाज निवडायची. त्या दिवशी आवाजानेच तिला निवडलं. गाड्यांच्या कामातला चाळिशीचा माणूस म्हटल्यावर घशातून जो खाकरा निघाला तो धाकट्याचा होता. "हे बघा," असं म्हणून तो माणूस इंजिनांबद्दल बोलला, मुक्कामांबद्दल बोलला, नखातून न जाणाऱ्या काळ्या तेलाबद्दल बोलला. "हात धुतल्याशिवाय ताटाला शिवायचं नाही असं आई म्हणायची," तो म्हणाला, "हे बघा, अजून धुतो. निघत नाही ते सोडा." हे वाक्य कुठून आलं ते बाहुलीताईला कळलं नाही. बोलताना तिला बरं वाटत होतं. कितीतरी वर्षांनी तो शेजारी बसल्यासारखं वाटत होतं.

बोलणं संपवून तिने पट्टी खाली ओढली आणि तिच्या ध्यानात आलं. घंटी तिने आधी वाजवली होती आणि पट्टी नंतर वर केली होती. घंटी ऐकली ती भिंतीवरच्या कात्र्यांनी. तीन-चार वस्त्यांनी ऐकला तो बिनघंटीचा माणूस. अशी चूक रेडिओवाल्याशिवाय कुणाला जमायची नाही. उद्या खुलासा करू, असं म्हणून तिने घंटी खिळ्याला अडकवली.

घरी आली तर आई पलंगावर नव्हती. ती भिंतीला धरून खिडकीपाशी उभी होती. कित्येक महिन्यांत ती कुणी धरल्याशिवाय उठली नव्हती. तिने केस विंचरले होते.

"तू ओळखलं नाहीस त्याला?" आईने विचारलं.

कुणाला, असं विचारायचीही गरज नव्हती. तो मीच होते आई, हे चार शब्द बाहुलीताईच्या जिभेवर आले होते. पण आईचे पाय थरथरत होते आणि ते पाय तिने स्वतः जमिनीवर टेकवले होते. आपण बोललो की हे पाय परत पलंगावर जाणार, एवढंच तिला दिसलं. ती म्हणाली की आपण त्या वेळी चहा आणायला बाहेर गेलो होतो. कोण येऊन बोलून गेलं ते पाहिलं नाही. तिने वेळ मारून नेली, आणि ती वेळ दुसऱ्या दिवशी परत दारात उभी राहिली.

दुपारी केंद्राचा फोन वाजला. फोनवरून येणारा आवाज सरळ हवेत जायचा, तशी सोयच केली होती. शेजारच्या बाईने नंबर लावून दिला असावा. "तो गाड्यांचा माणूस आहे का तिथे?" आईचा आवाज साऱ्या बागेत पसरला. चित्रकार नाही म्हणायला तोंड उघडत होता, तेवढ्यात आई पुढे म्हणाली, "रागावला असलास अजून, तर बोलू नकोस. नुसता आहेस एवढं सांग."

घंटी हाताच्या अंतरावर होती. बाहुलीताईने तिच्याकडे पाहिलंदेखील. मग तिने माइक ओढला, ती खाकरली आणि म्हणाली, "हे बघ आई, आहे मी."

तिथून ते गळ्याशी येईपर्यंत वाढतच गेलं. रोज दुपारी आईचा फोन यायचा आणि धाकटा बोलायचा. केंद्राची जनित्रं, तारा वगैरे पाहण्याचं काम मिळालंय, इथेच राहतो, घरी यायला अजून मन धजत नाही, थोडा वेळ दे, ताई दुपारी चहाला बाहेर असते तेव्हाच बोलतो, असं त्याने सांगितलं होतं. आईने वेळ दिला. अकरा वर्षं दिला होता, आणखी थोडा तिला जड नव्हता. ताईला यात ओढू नकोस, तिला त्रास होईल, असं आईनेच त्याला सुचवलं आणि घरी आलेल्या लेकीसमोर ती साळसूदपणे गप्प राहू लागली. माय आणि लेक दोघीही एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होत्या, आणि सगळी वस्ती ती रोज दुपारी जिवाचा कान करून ऐकत होती.

आई जेवू लागली. काठी घेऊन अंगणापर्यंत जाऊ लागली. तपासायला आलेल्या डॉक्टरांनी बाहुलीताईला बाजूला घेऊन विचारलं की नवीन औषध कोणतं सुरू केलंत.

चित्रकार हरखला होता. त्याच्या मते हा त्यांच्या केंद्रावरचा सर्वांत मोठा कार्यक्रम होता. "ताई, याहून खरं काय असतं?" तो म्हणायचा. त्याची आई त्याच्याच घरी, धडधाकट होती, त्याला बोलायला काय जातं. बासरीवालीने एकदाच विचारलं. "घंटी कधी वाजवायची आपण?" बाहुलीताई चष्मा पुसत राहिली. त्या दिवसापासून बासरीवाली दुपारच्या वेळी बाहेर झाडाखाली जाऊन बसू लागली.

बाहुलीताईला भीती वाटत होती, लाज वाटत होती, आणि या दोन्हींच्या खाली आणखी काहीतरी होतं जे ती कबूल करत नव्हती. तिला हेवा वाटत होता. आई फोनवर हसायची. धाकट्याच्या लहानपणच्या खोड्या काढायची, त्याला रागे भरायची, तू बारीक झाला असशील म्हणायची. लेकीच्या हातचं जेवण दोन वर्षं खाऊन त्या बाईने कधी एवढे शब्द खर्चले नव्हते. आईची ती सगळी माया बाहुलीताईच्याच कानात पडत होती आणि तिच्या नावावर त्यातलं काहीच जमा होत नव्हतं. स्वतःच्याच घशातून निघणाऱ्या आवाजाचा तिला हेवा वाटू लागला होता. असा प्रसंग तिच्या पेटीतल्या बाहुल्यांवरही कधी आला नव्हता.

एका दुपारी तिला राहवलं नाही. धाकट्याच्या आवाजात, अगदी सहज आठवल्यासारखं तिने विचारलं, "हे बघ आई, ताई कशी आहे?"

"तिचं काय," आई म्हणाली. "ती आहेच." आणि लगेच तिने विचारलं की तुला थंडीचं अंथरूण-पांघरूण आहे का, आणि तो तपकिरी स्वेटर अजून होतो का तुला.

धाकट्याने स्वेटरबद्दल नीट उत्तरं दिली. बोलणं संपल्यावर बाहुलीताई बाहेर जाऊन वाफ्याच्या कडेला बसली. गवतावर फवारे सुरू होते. पाणी तिच्या पायांवर येत होतं तरी ती हलली नाही. रागावण्यासारखं आई काही बोललीच नव्हती. ती आहेच, हे खरंच होतं. त्याच दिवशी घरी जाऊन तिने आईच्या पायांना तेल चोळलं, आणि चोळताना तिला पहिल्यांदा वाटलं की आपण हे पाय सोडून उठावं आणि पिशवी उचलावी. या विचाराने ती इतकी घाबरली की तिने दुप्पट वेळ चोळलं.

शेवटच्या आठवड्यात आईने फर्मान काढलं. धाकट्याची खोली रिकामी करायची. कारण तिने सांगितलं नाही. "त्या बाहुल्यांचा पसारा काढ तिथून," एवढंच म्हणाली, आणि बाहुलीताईनेही कारण विचारलं नाही. तिला ते चांगलं माहीत होतं. तीस वर्षांच्या बाहुल्या तिने दोरे गुंडाळून पेट्यांत निजवल्या आणि पेट्या शेजारणीच्या जिन्याखाली नेऊन ठेवल्या. घाईत कावळ्याची चोच मोडली. आईने त्या खोलीतल्या पलंगावर हात फिरवून गादी मऊ आहे का ते पाहिलं आणि कप धुऊन फडताळात पुढे ठेवला.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी बाहुलीताईची गत झाली होती. केंद्र बंद झालं की धाकट्याचं काय करायचं याचा विचार ती रोज करायची. त्याला लांबच्या कामावर पाठवता आलं असतं. अधूनमधून फोन करता आला असता. हे सगळं जमलं असतं, तिचा घसा अजून वीस वर्षं चालला असता. मात्र आईने पुन्हा वाट पाहायला सुरुवात केली असती, आणि या वेळी वाट पाहायला लावणारी तीच असती.

शेवटच्या दिवशी दुपारी फोन वाजला तेव्हा खोलीत सगळे होते. चित्रकाराने निरोपाचं भाषण तयार ठेवलं होतं. बाहुलीताई माइकसमोर बसली.

"निघतेय मी," आई म्हणाली. तिला दम लागला होता. "शेजारची तिची गाडी काढतेय. तू बोलू नकोस काही. नुसता तिथे थांब. मी आल्याशिवाय कुठे जाऊ नकोस, काय?"

चित्रकाराचा चेहरा उतरला. तो इतके दिवस कार्यक्रम ऐकत होता, बाई त्याला आत्ता ऐकू आली. बाहुलीताई उठली. तिने घंटी खिळ्यावरून काढली. माइकची पट्टी वर आहे का ते एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग तिने घंटी वाजवली.

पितळेच्या आवाजाने रजयांनाही जुमानलं नाही. बाग बंद करतानाची घंटी होती ती, लांबपर्यंत जाण्यासाठीच केलेली. फोनवरचा आईचा श्वास ऐकू येईना.

"कोण वाजवतंय?" आईने अखेर विचारलं.

"मी, आई," बाहुलीताई म्हणाली. खाकरली नाही.

फोन खाली ठेवल्याचा आवाज झाला. रेडिओवर नुसती शांतता जात होती. बासरीवालीने उठून खिडकी उघडली आणि एक माइक बाहेर धरला. केंद्राच्या शेवटच्या तासाला वस्त्यांनी फवाऱ्याचं पाणी ऐकलं. चित्रकाराचं भाषण कागदावरच राहिलं. कुणीच त्याची आठवण केली नाही, त्यानेही नाही.

बाहुलीताई घरी पोचली तेव्हा आई दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. बाहेर जायचे कपडे घातलेले, पायांत चपला, मांडीवर घडी केलेला तपकिरी स्वेटर. शेजारीण नजर चुकवून निघून गेली.

"म्हणजे तो आलाच नाही," आई म्हणाली.

"नाही."

"एकदाही?"

"नाही, आई. पहिल्या दिवसापासून मीच."

आई रडली नाही, ओरडली नाही. तिने पाय पुढे केले. बाहुलीताईने खाली बसून तिच्या चपला काढल्या आणि तिला धरून पलंगावर नेलं. आईने भिंतीकडे तोंड केलं. रेडिओ उशाशी होता, त्यातून आता नुसती खरखर येत होती. बाहुलीताईने तो बंद केला.

पुढचे दिवस फार वाईट गेले. आई दोन घास खायची आणि ताट सरकवायची. हाकेला हूं म्हणायची, बाकी काही नाही. काठी कोपऱ्यात उभी होती. धाकटा दुसऱ्यांदा घरातून गेला, या वेळी आपल्यामुळे, आणि त्याच्या मागोमाग आईही, असं बाहुलीताईला वाटत होतं. चित्रकार एकदा दारात येऊन गेला. माळ्याचं घर रिकामं केलं, रजया ज्याच्या त्याला परत दिल्या, असं त्याने सांगितलं, आणि चारऐवजी एकच शब्द वापरला. "चुकलंच," तो म्हणाला. त्याला आत बोलवायचं तिला सुचलं नाही.

मग एका सकाळी बाहुलीताई उशीची खोळ बदलत असताना आई भिंतीकडे पाहतच बोलली.

"तो विचारायचा ते सगळं तूच विचारत होतीस."

"हो."

"ताई कशी आहे, तेही?"

बाहुलीताईचे हात थांबले. "तेही," ती म्हणाली.

"आणि मी बोलले ते ऐकलंस."

"ऐकलं."

आई बराच वेळ चादरीचा काठ बोटांनी चाचपत राहिली. चुकलं वगैरे म्हणणाऱ्यातली ती बाई नव्हती. सबंध आयुष्यात तिने ते कुणाला म्हटलं नव्हतं, आणि धाकट्याला म्हणायचं राहिलं ते राहूनच गेलं होतं. मग ती कुशीवर वळली. तिने आपले अंधुक डोळे लेकीच्या दिशेने केले.

"परत विचार," ती म्हणाली.

बाहुलीताईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा सवयीने तिच्या घशात तो खाकरा आला.

"त्याच्या आवाजात नको," आई म्हणाली. "तुझ्या."

बाहुलीताई खोळ हातात धरून उभी राहिली. तिच्यापाशी राजा होता, कावळा होता, सासू होती, तोतरा शिपाई होता. हा एक प्रश्न विचारायला त्यांतला कुणीच उपयोगाचा नव्हता. तिने दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. तिसऱ्या वेळी जो आवाज निघाला तो बारीक होता आणि मध्येच फाटला.

"कशी आहे गं मी, आई?"

आईने हात लांब करून तिचं मनगट शोधलं आणि धरलं. भिंतीकडे सरकून तिने पलंगावर जागा केली.

"दमलीयस," आई म्हणाली.